छपाईच्या वाटेने बदललेला ऊसतोडीचा क्रम

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, कारण त्यात आरोपी सापडण्याआधी मला एक यंत्र समजून घ्यावं लागलं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. दुष्काळाने विहिरी तळाला गेल्या होत्या, उभा ऊस वाळत होता. ज्याची तोड आधी, त्याचाच ऊस वाचणार होता. आमच्या हद्दीतल्या सहकारी साखर कारखान्याने तोडणीचा क्रम नव्या संगणकावर घेतला होता. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी.

एका सकाळी माकणीकडची एक शेतकरीण कारखान्याने दिलेल्या तोडीच्या नंबराच्या दोन चिठ्ठ्या घेऊन आली. नवरा वारलेला, शेत तीच बघायची.

"साहेब, म्या चाळिसावी व्हते. आता दोनशेच्या खाली गेले. रान तेच, लागण तीच. मंग नंबर कुठं गेला?"

दुसऱ्या चिठ्ठीत लागणीची तारीख दोन महिने पुढे सरकली होती. मी तक्रार नोंदवून कारखान्यावर गेलो. अध्यक्षांनी संगणक विभागाच्या प्रमुखाकडे बोट दाखवलं. तारखा बदलण्याचा अधिकार एकट्या त्याचा, कारकुनांना यादी फक्त पाहता आणि छापता येई. यंत्राच्या नोंदीतही बदल त्याच्याच अधिकाराने झालेला होता.

"अटक करा आणि विषय संपवा," अध्यक्ष म्हणाले.

प्रमुख तिशीतला, बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिलाच नोकरदार. मी त्याला समोर बसवलं.

"पासवर्ड कुणाला दिलात?"

"कुणालाच नाही, साहेब. माझा अधिकार कुणीतरी वापरलाय, पण माझा पासवर्ड न टाकता. कसा, ते मलाच कळत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

खोटं बोलणाऱ्याकडे बहुधा उत्तर तयार असतं. हा मलाच विचारत होता. मी हजेरीपट मागवला. बदल झाला त्या दिवशी तो रजेवर, येडशीला बहिणीकडे होता. साक्षीदारही मिळाले. मग यंत्राची नोंद पुन्हा वाचून घेतली. बदल शेतकी विभागातल्या पडद्यावरून झाला होता. तिथे एकच कारकून बसे, वयाने मोठा, मऊ बोलणारा.

त्याच्यावर मी आरोप केला नाही. म्हणालो, "मला यादी कशी छापतात ते दाखवा." त्याने दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तो दाखवत असताना मी त्याच्या सासुरवाडीची चौकशी करत राहिलो. बोलता बोलता त्याचं बोट सवयीने उद्गारचिन्हाच्या कळीवर गेलं आणि थबकलं.

यादी छापायला उद्गारचिन्ह कशाला लागतं?

शेजारी उभ्या असलेल्या प्रमुखाच्या तेव्हा ध्यानात आलं आणि त्याने मला उलगडून सांगितलं. छपाईचा प्रोग्राम सर्वोच्च अधिकाराने चालत असे. त्या कळीने छपाई मध्येच सोडून बाहेर पडता येई, आणि बाहेर पडणाऱ्याकडे तो अधिकार तसाच राही.

कारकून खाली बघत म्हणाला, "एकदा चुकून बोट पडलं, साहेब. यंत्र मलाच मोठा साहेब समजाया लागलं. आठ दिवस नुसता बघत बसलो. मंग मेव्हण्याचा ऊस वर घेतला. मंग भावकीनं धरलं."

"आणि त्या बाईची तारीख?"

"जागा करायची व्हती. भांडायला कोन येनार न्हाय, ते बघितलं."

संगणकासाठी तेव्हा वेगळा कायदा नव्हता. बनावट दस्तऐवजाचं कलम लावलं, पंचांसमोर नोंदींची टेप सील केली. त्यानंतरच प्रमुखाला दुरुस्तीला बसवलं. छपाईला त्याने फक्त यादी वाचण्यापुरती परवानगी ठेवली आणि बाहेर पडणाऱ्याला कारकुनाचाच अधिकार राहील, अशी व्यवस्था केली. मग मी स्वतः ती कळ दाबून तारीख बदलायला गेलो. यंत्राने मला नकार दिला. लहान मुलासारखं मी चार वेळा करून पाहिलं.

मूळ नोंदींवरून क्रम पुन्हा लावला. बाईचा निम्मा ऊस तोवर वाळला होता, निम्मा गाळपाला गेला.

प्रमुख निर्दोष आहे, असं मी अध्यक्षांना सांगितलं. तो मात्र जबाबावर सही करेना.

"साहेब, अजून एक लिहा. छपाईला सगळा अधिकार मीच दिला होता. छपाई अडली की कारकून सारखे हाका मारायचे, म्हणून सोयीसाठी."

संशयातून सुटलेल्या माणसाने स्वतःची चूक लिहून घ्यायला लावली, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं. मी ते वाक्य शब्दशः लिहिलं. कारखान्याने त्याला ताकीद दिली, नोकरी राहिली.

ठाण्यात परतल्यावर मी मुद्देमालाच्या खोलीची चौकशी केली. तिच्या किल्ल्या तिघांकडे निघाल्या. कशासाठी, असं विचारल्यावर हवालदार म्हणाला, "सोयीसाठी, साहेब." त्यातली एक मीच दिलेली होती. दोन किल्ल्या काढून घेतल्या आणि स्टेशन डायरीत त्याची नोंद माझ्या चुकीसकट केली.