आक्का एकदाच गायली

वेल्ह्याच्या या अंगाला आमच्या गावात एक समज पक्का होऊन बसला आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या भलरीचा जो व्हिडिओ लोक आज मोबाईलवर ऐकतात, तो म्हणे दुसऱ्यांदा घेतलेला आहे. पहिल्या वेळी आक्काचा आवाज बसला होता, मग तिने ज्येष्ठमध चघळला, भाच्याने नवा माइक आणला आणि मग कुठे गाणे जमले. ही कथा पारावर मला ऐकवली जाते. मला, जो मी त्या दिवशी बांधावर उभा होतो!

आक्का गायली ती एकदाच.

भातलावणी चालू होती. आक्का आता खाचरात उतरत नाही. बांधावर घोंगडी टाकून बसते, तिथून भलरीची ओळ उचलून देते आणि चिखलात वाकलेल्या बाया ती झेलतात. ओळ संपली की ती सूर टाकून देत नाही, हळूच खाली ठेवते. मी जन्मभर शाळेत कविता शिकवल्या आणि भजनात पेटी वाजवली. सूर असा ठेवणे मला पेटीवर साधले नाही, हे मान्य करतो. तिचा मुलगा भोरला नोकरीला असतो. त्याने कॅमेरा लावला आणि आवाजासाठी एक छोटा रेकॉर्डर आईच्या पुढ्यात ठेवला. मधेच एक टिटवी ओरडली, तीही त्यात आली.

पुढे जे बिघडले ते आमच्या खोऱ्यात सगळेच बिघडवतात. इथे रेंज धड नाही. फाइल हलकी व्हावी म्हणून भाच्याने एक्सपोर्ट करताना आवाज किती बारकाईने साठवायचा तो आकडा पार तळाला नेला. पाण्याची खळखळ नको म्हणून गोंगाट काढणारे बटण दाबले. आणि ती फाइल वेबसाइटवर चढवायला पुण्यातल्या मित्राकडे व्हॉट्सॲपवरून धाडली. व्हॉट्सॲप व्हिडिओ आणखी दाबते, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते.

मित्राने चढवलेला तो व्हिडिओ भाच्याने आक्काला ऐकवला.

"ही कोन बाई हाय?"

"आये, तूच की."

"म्या न्हवं. डब्यात तोंड घालून कोन वरडतंय? फुडं मला बोलवू नगा."

दुसऱ्या दिवशी ती बांधावर आली, पण तोंड उघडले नाही. बाया मुकाट्याने रोपे लावत राहिल्या. आमच्या भजनातले पखवाजवाले मला समजावू लागले, "गुरुजी, वय झालं आक्काचं. आवाज जातोच. वाईट वाटून घिऊ नगा."

मी म्हणालो, "पखवाज बसला असेल तुमचा. आक्काचा आवाज जिथल्या तिथं आहे."

हे बोलून मी घरी बसलो नाही. सकाळच्या एसटीने भोर गाठले आणि भाच्याच्या दारात उभा राहिलो. रेकॉर्डरमधला मूळ आवाज त्याच्याकडे तसाच होता. त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि आक्का सगळीच्या सगळी समोर आली: धार, श्वास, खाली ठेवलेला सूर, आणि तिच्या मागे बायांच्या पायांखालचे पाणी.

"हे असंच्या असं गेलं पाहिजे."

"मामा, फाइल लई मोठी हुईल."

"होऊ दे. फाइल बारीक करायला निघालास आणि आईला बारीक केलंस."

"पन वर गेल्यावर वेबसाइटवाले पुन्हा दाबत्यातच."

"मग आपण आधीच दाबलेलं का द्यायचं? त्यांना भरलेलं पोतं दे, काय सांडायचं ते त्यांच्या हातून सांडू दे."

त्यावर तो हसला आणि कामाला लागला. त्याचे श्रेय मी नाकारत नाही. यंत्र त्याला कळते. गोंगाट काढणारे बटण बंद झाले. आवाजाचा आकडा वरच्या टोकाला गेला. आवाज रेकॉर्ड झाला होता अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झवर, बाहेरही अठ्ठेचाळीसवरच काढला. बायांनी एकदम ओळ झेलली की आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल व्हायची, म्हणून सगळा आवाज किंचित खाली घेतला. मी हेडफोनवर ऐकले, साध्या मोबाईलवर ऐकले, आणि मगच होकार दिला. व्हॉट्सॲपला हातही लावू दिला नाही. भोरच्या चांगल्या इंटरनेट जोडणीवरून फाइल थेट चढली.

घरी येऊन आक्काच्या हातात मोबाईल दिला. ती डोळे मिटून ऐकत होती. टिटवी ओरडली तशी म्हणाली, "हितं माझं ध्यान गेलं व्हतं बघ त्या टिटवीकडं. ओळ निसटत व्हती, पन धरली." मग मोबाईल माझ्या हातात देत म्हणाली, "व्हय, ही म्या हाय. तुझी पेटी न्हवती, म्हून बरं झालं."

दुसऱ्या दिवशी बांधावर तिने ओळ उचलली. तेव्हा पखवाजवाले रस्त्याने चालले होते. त्यांनी ऐकले हे मी पाहिले आहे, ते काही का म्हणेनात.

भाचा पहिला व्हिडिओ काढून टाकणार होता. मी काढू दिला नाही. आज दोन्ही तिथे आहेत. दोन्हींत टिटवी त्याच ओळीवर, त्याच शब्दावर ओरडते. पहिल्यात ती पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाटते, दुसऱ्यात ती टिटवी आहे. आक्का दोनदा गायली असे ज्यांना म्हणायचे असेल, त्यांनी आधी त्या टिटवीला दुसऱ्यांदा त्याच शब्दावर कोणी आणून बसवले, ते मला पारावर येऊन सांगावे.