ताईचा खडा आणि जिजाजींची लाट

कुठलीही गोष्ट पहिल्या पायरीपासून सुरू करणं हा ज्याला स्वतःचा अपमान वाटतो, असा माणूस मी तरी एकच पाहिला आहे: आमचे जिजाजी. गोंदियाजवळच्या गोरेगावला ते पदार्थविज्ञान शिकवतात, आणि सायकल शिकले तीही म्हणे उतारावरून, हात सोडून. नवा मोबाइल घेतला की आधी तो उघडून आत काय आहे ते पाहतात आणि मग उरलेले भाग रुमालात बांधून गोंदियाला माझ्याकडे येतात. मी कॉम्प्युटर शिकवतो, हा माझा गुन्हा.

मागे ताईला मूतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, कापायची गरज नाही, नागपूरला बाहेरूनच ध्वनिलहरींचे ठोके देऊन खडा फोडतील. ताई लगेच तयार झाली. जिजाजी अडून बसले. "लाट खड्यावरच पडन, हे त्याईले कोणं सांगतलं? आधी मी पाहीन." अशा लहरी शरीरात कशा पसरतात ते पडद्यावर दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी शोधून काढलं आणि ते लॅपटॉपवर टाकायला मला बोलावलं.

त्यात नवख्यांसाठी सोपी उदाहरणं तयार होती. नुसतं पाणी, मधे एक ठिपका. बटण दाबलं की लाट पसरते. मी म्हणालो, "आधी हे चालवू."

"दुसऱ्याचं पाणी मी कायले चालवू, सालेसाहेब?" असं म्हणून त्यांनी थेट ताईलाच मांडायला घेतलं. ती पोळ्या लाटत असताना टेप लावून तिची कंबर मोजली. तिनं लाटणं उगारलं, तर म्हणतात, "हलू नको, माप चुकते." त्या सॉफ्टवेअरमध्ये शरीराचे चौकोन पाडावे लागतात, धानाच्या शेतात बांध घालून बांध्या पाडाव्या तसे. जिजाजींनी ते इतके बारीक पाडले की लॅपटॉप जागीच थिजला. मी ओरडलो म्हणून मोठे केले, तर अख्खा खडा एका चौकोनात हरवला. मग लाट चित्राच्या कडेवर आपटून परत ताईच्या पोटात शिरायला लागली. कडेला लाट शोषून घेणारा पट्टा ठेवायचा असतो. तो "फालतू जागा खाऊन राहिला" म्हणून यांनीच काढून टाकला होता. दोष अर्थातच माझ्या शिकवण्याला.

असे रविवारमागून रविवार गेले. कळ आली की ताई भिंत धरून उभी राहायची. एकदा मात्र ती खालीच बसली आणि म्हणाली, "तुमची लाट येईपर्यंत मीच जाईन ना हो."

मी चिडून ते पहिलंच उदाहरण उघडलं आणि बटण दाबलं. ठिपक्यातून गोल लाट निघाली, पसरली, विरून गेली. ते बघत राहिले. मग ताईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं, "हिले लागन का रे?"

मी लॅपटॉप मिटला. "नागपूरले जाऊ, जिजाजी," एवढंच मी म्हणालो.

दवाखान्यात ताईला आत नेलं. बसच्या कंडक्टरलाही प्रश्न विचारून हैराण करणारा हा माणूस डॉक्टरांशी एक अक्षर बोलला नाही. दाराबाहेर ताईच्या चपला हातात घेऊन बसून राहिला. त्यांनी गप्प बसावं म्हणून मी इतकी वर्षं देव पाण्यात ठेवले होते, आणि तिथं मलाच म्हणावंसं वाटत होतं, काहीतरी विचारा हो कोणाला.

खडा फुटला. ताई आपल्या पायांनी चालत बाहेर आली. जिजाजींनी वाकून चपला तिच्यापुढे ठेवल्या, डावी-उजवी उलट झाली होती ती नीट केली, आणि मान वर न करताच म्हणाले, "घाल. फरशी थंडी आहे."