गोरेगावचा हिरवा दिवा

दोन हजार दहाच्या आसपास मी गोंदियातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत कामाला होते. आम्ही तालुक्याच्या गावांत छतांवर डिश बसवून कनेक्शन देत असू. गिऱ्हाईक म्हणजे सायबर कॅफे, दवाखाने, एक-दोन शाळा. ऑफिसात मालक, डिश बसवणारे दोघे आणि मी. नागपुरात इंजिनिअरिंग करून मी बिरसीला घरी परतले होते आणि रोज स्कूटीने गोंदियाला जात होते. प्रोग्राम लिहिता येणारी तिथे मी एकटीच.

कोणती डिश चालू आणि कोणती बंद, हे ऑफिसात बसून कळावं म्हणून मालकांनी मला एक प्रोग्राम लिहायला सांगितला. प्रत्येक डिशला आकड्यांचा एक पत्ता असतो. प्रोग्रामने त्या पत्त्यावर हाक मारायची, उत्तर आलं की स्क्रीनवर त्या गावापुढे हिरवा दिवा, नाही आलं की लाल. हे पत्ते वाचणं, तपासणं, एका जाळ्यातले कोणते ते ओळखणं, यासाठी मी एक तयार लायब्ररी घेतली. लायब्ररी म्हणजे जगात कुणीतरी आधीच लिहून सगळ्यांना फुकट वापरायला दिलेला कोड. चार ओळींत काम झालं. मालक खूश झाले. आल्यागेल्याला ते स्क्रीन दाखवत.

गोंदियाजवळच्या गोरेगावला एक ताई कंप्युटर सेंटर चालवत. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, स्वतः कोर्स केलेल्या. त्यांच्याकडे पोरं-पोरी कॉलेजचे आणि भरतीचे फॉर्म भरायला येत. कनेक्शन नवीन होतं. पंधरवड्यातच त्यांचा फोन आला.

"मॅडम, नेट बंद हाये."

मी स्क्रीनकडे बघितलं. "ताई, इथे तर चालू दिसतंय."

"तिथं दिसत असन. इथं नाही ना चालून राहिलं."

मालक बाजूलाच होते. ते म्हणाले, "ग्रीन है तो लाइन चालू है. उनके सिस्टम में प्रॉब्लम होगा." आमचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, तर नेट झकास चालत होतं. दोन दिवसांनी पुन्हा दुपारी फोन. पुन्हा हिरवा दिवा. आम्ही त्यांना कंप्युटर फॉरमॅट करायला लावले, वायर बदलायला लावली. एकदा तर मालकांनी फोनवरच सांगितलं, "मॅडम, आपको चलाना नहीं आता."

त्यानंतर ताईंनी मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता, पण मला तो झोंबला. "मी का खोटं बोलून राहिली का? फॉर्मची आज शेवटची तारीख. पोरं एसटीनं गोंदियाले चालली फॉर्म भराले. गावात म्हणतेत, हिले काही येत नाही. तुमी एकडाव येऊन पाहा ना, दुपारची."

मी मालकांना न विचारताच निघाले. भाताची रोवणी चालू होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्यांत बाया वाकलेल्या. सेंटरमध्ये सात-आठ पोरं-पोरी नुसती बसली होती. नेट खरंच बंद होतं. ताई मला जिन्याने वर घेऊन गेल्या. डिशला वीज देणारा अडॅप्टर पत्र्याखाली लटकत होता. हात लावला तर चटका बसला. दुपारी तापला की तो बंद पडत होता आणि रात्रभरात थंड होऊन सकाळी पुन्हा चालू होत होता.

कोडं तेवढ्याने सुटलं नव्हतं. डिश बंद, मग दिवा हिरवा काऊन? मी अडॅप्टरचा प्लग सरळ काढून हातात घेतला आणि ऑफिसात फोन लावला.

"गोरेगाव काय दाखवतंय?"

"हिरवा," आमचा माणूस म्हणाला.

ताई माझ्या हातातल्या प्लगकडे बघत होत्या. "आता कोन खोटं बोलून राहिलं?" त्या म्हणाल्या. मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

खाली येऊन मी पेनड्राइव्हवरची प्रोग्रामची प्रत त्यांच्याच कंप्युटरवर उघडली आणि डोकं लावलं. आमच्या ऑफिसात पत्त्याचा शेवटचा आकडा तीन अंकी लिहायची पद्धत होती, वाचायला सरळ दिसतो म्हणून. बाकी गावांचे आकडे शंभरावरचे, गोरेगावचा फक्त बारा. म्हणून तो ०१२ असा लिहिलेला. आणि माझी लायब्ररी जुन्या रिवाजाप्रमाणे चालत होती. तिच्या लेखी सुरुवातीला शून्य असलं की तो आकडा आठाच्या हिशोबाने मोजायचा. एक आठ आणि वर दोन, म्हणजे दहा. दहा नंबर आमच्याच ऑफिसातल्या, माझ्या टेबलाखालच्या यंत्राचा होता. प्रोग्राम रोज त्यालाच हाक मारत होता आणि ते इमानाने उत्तर देत होतं.

मी ताईंना हे समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले समजलं. आता या पोरायले सांगा."

म्हणून मी उभी राहिले आणि त्या मुलांना सांगितलं की बिघाड आमच्या डिशचा होता, ताईंचं काहीच चुकलेलं नव्हतं, त्या पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होत्या. मागच्या खुर्चीवरची एक मुलगी म्हणाली, "मग तुमी आधी काऊन नाही आल्या?"

अडॅप्टर बदलला, शून्य काढलं. मालकांना मी गिऱ्हाइकांसमोर बोलले ते आवडलं नाही. "घर की बात बाहर क्यों बोली?" असं ते दोन-तीनदा म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात ते स्वतः गोरेगावला गेले, ताईंकडे चहा प्यायले आणि माफी मागून आले. हे मला त्यांनी नाही, ताईंनी सांगितलं.

लायब्ररी लिहिणाऱ्यांना मी ईमेल पाठवला. अनोळखी माणसांना इंग्रजीत लिहायची सवय नव्हती, चार वेळा खोडून लिहिलं. उत्तर आलं, सभ्य होतं. हा रिवाज आम्ही ठरवलेला नाही, तो फार जुना आहे, पण लोक यात फसतात हे खरं. लायब्ररी कशी वापरायची त्याच्या माहितीत तुम्हीच एक परिच्छेद लिहून द्याल का? मी दिला. तो घेतला गेला. बाबांना दाखवला तर त्यांनी चष्मा लावून पूर्ण स्क्रीन पाहिली आणि विचारलं, "यात गोरेगाव कुठं हाये?" गोरेगाव त्यात नव्हतं. नुसता एक पत्ता आणि एक शून्य होतं.

काही वर्षांनी मी नोकरी बदलली. त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली, ती असा शून्याने सुरू होणारा आकडा वाचायलाच नकार देते आणि चूक दाखवून थांबते. माझ्या परिच्छेदाची गरज उरली नाही, त्यांनी तो काढून टाकला. तो काढल्याचं वाचलं तेव्हा मला वाईट नाही, बरंच वाटलं.