पपांच्या तारा

वाजवून झालं की नोहेआचे वडील आधी गिटारच्या सगळ्या खुंट्या सैल करायचे आणि मगच ती भिंतीला टांगायचे. मोलोकाई बेटावरच्या जुन्या घरांची ही रीतच. तारा लावण्याची पद्धत ज्याची त्याची, शेजाऱ्याला तिचा वासही लागू द्यायचा नाही. पपांनी ती लेकीलाही सांगितली नाही. "तू सासरी जाणार, सूर तिकडे नेशील," म्हणायचे. ती सासरी गेलीच नाही, नवराच घरी राहायला आला. तरी सूर मिळाला नाही.

अठ्ठावीस वर्षं नोहेआने दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी चढवली-उतरवली. घरातल्या प्रत्येक बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला पपा एकच चाल वाजवत. ती ऐकता ऐकता त्यांची बोटं कुठे पडतात हे तिला पाठ झालं होतं. तारा किती ताणायच्या, तेवढंच ठाऊक नव्हतं. यंदा पक्षाघाताने पपांचा उजवा हात आणि वाचा गेली, आणि नोहेआच्या नातीचा पहिला वाढदिवस शनिवारवर आला.

"कानाने लाव की," नवरा कापोनो म्हणाला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा.

"लावतेच आहे. जवळ जातं, पण बसत नाही."

"सूर दुप्पट चढवायला ताण चौपट लागतो, बाई. अशीच पिळत बसलीस तर तार तुटेल आणि लोकांना माझं गाणं ऐकावं लागेल."

"त्यापेक्षा वाढदिवसच नको."

शुक्रवारी तारा पुसताना तिचं नख अडखळलं. तारांच्या खालच्या अंगाला बारीक खाचा होत्या, रोज त्याच पडद्यांवर दाबून पडलेल्या. आता तारा सैल असल्याने त्या खाचा पडद्यांपासून केसभर खाली, घोडीकडे सरकल्या होत्या. तिने खुंटी हळूहळू पिळली. खाच पडद्यावर येऊन बसली, तशी ती थांबली. मग दुसरी तार, तिसरी. सहाव्या तारेला पपा खुर्चीतून हुंकारले. त्यांच्या डाव्या हाताचं बोट खाली झुकलं. तिने चष्मा लावून पाहिलं, खाच पडदा ओलांडून किंचित खुंटीकडे गेली होती. तिने तार जराशी उतरवली. पपांनी मान डोलावून डोळे मिटले.

शनिवारी नोहेआने ती चाल वाजवली. पोईचा, अळकुड्यांच्या लगद्याचा, वाडगा हातात धरून शेजारचा हिआपो पुढे सरकला.

"कशी लावलीस गं?"

घरच्या रीतीप्रमाणे तारा सैल करायला नोहेआचा हात खुंटीकडे गेला. पपांनी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं आणि सोडलं नाही. शेवटी कापोनोने गिटार होती तशीच, ताणलेल्या तारांसकट, भिंतीला टांगली. हिआपो पाहत होता. पपांनी त्याला पाहू दिलं.