आक्कांच्या गच्चीवरचा भूकंप

सोलापुरातल्या आम्हा हौशी रेडिओवाल्यांचं एकच दुखणं होतं, गच्ची. मोबाइल, वीज, सगळं बंद पडलं तरी आम्ही हवेतून निरोप पोचवणार, हा आमचा दावा. पण त्यासाठी अँटेनाची लांबलचक तार सरळ ताणायला लागते आणि आसपास यंत्रमाग नको असतात. मागांची खरखर घुसली की टेंभुर्णीचा आमचा दोस्त बोलतोय की कढईत भजी तळतोय, काही कळत नाही.

सात रस्त्याजवळच्या आक्कांची गच्ची मात्र अशी, की एका टोकाला डोकं तापलं तरी दुसऱ्या टोकाला पहाटेचा गारवा. मी मोजायला गेलो तर मध्ये चहाला थांबावं लागलं. रविवारी आमचा आपत्तीचा सराव होता, सरकारी साहेब बघायला येणार होते. ही गच्ची मिळाली नाही तर सराव गुंडाळायचा.

आक्का आनंदानं हो म्हणाल्या होत्या. घोळ घातला मास्तरांनी. हे निवृत्त मास्तर आमचे म्होरके. कोणी कोणता निरोप धाडायचा ते त्यांनी लिहून काढलं, आणि हौसेनं आक्कांना वाचून दाखवलं. जन्मात एका पोराला चापट न मारलेला हा माणूस, पण लेखणी हातात येताच भूकंप करून अर्धं सोलापूर आडवं करून बसला होता. मला तर न विचारता ढिगाऱ्याखाली घातलेलं.

आक्का ताडकन उठल्या. "अय्यो! माझ्या घरात बसून असलं बोलायचं? वास्तू तथास्तु म्हणती, मास्तर!"

"आक्का, प्रत्येक निरोपाआधी आम्ही 'हा सराव आहे' असं म्हणतो."

"वास्तूला काय कळतंय सराव? आन् तुमी तर टेंभुर्णीपातूर ओरडून सांगणार! न्हाय मिळायची गच्ची."

मास्तरांनी घाईघाईनं भूकंप माळशिरसला हलवला.

"तितं माझी नणंद हाय."

मग टेंभुर्णीला. मी दोस्ताला फोन लावला. तो असा किंचाळला की रेडिओची गरजच उरली नाही. "आमच्यात परवा बारसं हाय! तुमचा भूकंप तुमच्याकडंच ठेवा की!"

भूकंप हातात घेऊन आम्ही जिल्हाभर फिरलो. टेकवायला कुणी वीतभर जागा देईना. मास्तर बिचारे कागदाची घडी घालायला लागले. त्यांचा चेहरा बघून आक्काच विरघळल्या.

"माणसं मरायलाच पायजेत का तुमच्या रेडिओला?"

"तसं नाही," मी म्हणालो, "अडकली तरी भागतंय."

"मग वऱ्हाड अडकवा की! ओढ्याला पाणी आलंय, गाडी अलीकडं, मांडव पलीकडं. आन् पाणी उतरणार हाय, ते आधी लिवा."

मास्तरांनी पुन्हा पेन उघडलं, आणि मग आक्का जी सुटल्या! तान्ह्या पोरांना दूध कोण देणार? शुगरवाल्या आजोबांच्या गोळ्या कुठल्या बॅगेत? मांडवात नवरीच्या आईला कोण कळवणार? एकेका प्रश्नातून चार-चार निरोप निघत होते. मास्तरांच्या पेनातून धूर यायचा बाकी होता. हिमालय कोसळला असता तरी इतकं काम निघालं नसतं.

शेवटी मास्तर चाचरत म्हणाले, "आक्का, डॉक्टर मागवायचा निरोप राहतोय. कुणाला तरी थोडासा ताप...?"

आक्कांनी मनातल्या मनात अख्खं वऱ्हाड चाळलं.

"नवरदेवाच्या मामाला येऊ दे. लई मिजासखोर हाय मेला. पण मुहूर्ताआधी उतरला पायजे."

"उतरेल, उतरेल!"

"तोंडानं नगं. लिवा."

मास्तरांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मामांचा ताप उतरला. जेवायला बसले.' आक्कांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मगच कमरेची गच्चीची किल्ली सोडून माझ्या हातात ठेवली.