न मोजलेला पाऊस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणीला नाही, आईला तर नाहीच. पण परवा ऑफिसात पुन्हा त्याच आकड्यांचं कौतुक झालं, आणि माझं डोकंच फिरलं. म्हणून तुम्हाला सांगतेय.

बावधनला आमची कंपनी. आकाशात छोटे छोटे उपग्रह — खोक्याएवढे — त्यांच्या माहितीवरून हवामानाचा अंदाज बांधायचा आणि विकायचा. पण उपग्रह ढग बघतो वरून. मुळशीतले ढग डोंगराला टेकून खालच्या खालीच बरसतात, वरून ते अगदी किरकोळ दिसतात. मग खरं किती पडलं, हे जमिनीवर कुणीतरी मोजून अंदाज दुरुस्त करायला नको? त्यासाठी मुळशीतल्याच भरे गावात एक पर्जन्यमापक बसवलं, ताराकाकूंच्या भातखाचराच्या बांधावर. मी काकूंकडेच भाड्यानं राहते, म्हणून रोज सकाळी साडेआठला मोजायचं काम माझ्याकडे आलं.

पावसाळाभर मी इमानदारीनं — छे, कसली इमानदारी! पहिले दहा-बारा दिवस बांधावर गेले असेन. मग एकदा धो धो पाऊस, बांधावर घोटाभर चिखल, नऊची मीटिंग. गेले नाही. उपग्रहाचाच आकडा उचलला, दशांश जरा इकडेतिकडे केला आणि मोजलेला पाऊस म्हणून भरून टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच.

म्हणजे काय केलं, कळतंय ना? ज्यानं पेपर लिहिला, त्यालाच तपासायला दिला.

आणि कुणाला शंका आली? कुणालाही नाही! याचा मला अजून संताप येतो. या बांधावर पाऊस आणि त्या बांधावर ऊन, अशा मुळशीत आकडे इतके जुळतात — आणि एकाही शहाण्याला इथवर येऊन बघावंसं वाटलं नाही? साहेबांनी त्या जुळलेल्या आकड्यांचा तक्ता गिऱ्हाइकांना दाखवला. माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही लाजल्यासारखं करून हसले. कुणावर चिडतेय मी? खोटं तर माझ्या हातचं होतं.

काकू लग्न होऊन आल्यापासून त्या खाचरातलं आंबेमोहोराचं बी राखत आल्या. दरसाल थोडं बाजूला काढायचं, पुढच्या साली तेच पेरायचं. तसला वास दुकानातल्या बियाण्याला नाही, म्हणायच्या. दिवाळीच्या आधी त्यांनी मला विचारलं, भात कापायला घेऊ का. मी मोबाइलवर आमच्याच कंपनीचा अंदाज बघितला. चार दिवस कोरडे. खुशाल कापा, म्हटलं.

भात कापून खाचरात वाळत पडलं होतं, आणि दुसऱ्या दुपारपासून पाऊस लागला तो तीन दिवस. डोंगराला टेकलेला, खालच्या खाली बरसणारा. लोंब्यांना मोड आले. बियाण्यासकट सगळं गेलं.

मी बांधावर गेले — कितीतरी महिन्यांनी. पर्जन्यमापकातली बाटली भरून वाहत होती. पण वरचं नरसाळं? स्वच्छ. एक पान नाही, कचरा नाही. भोवती शेळ्या येऊ नयेत म्हणून काट्या रोवलेल्या. काकू रोज पहाटे ते पुसत होत्या. पोरीचं काम हाय, म्हणून.

काकू मोड आलेल्या लोंब्या हातात घेऊन उभ्या होत्या. मी बोलणार होते. खरंच बोलणार होते? माहीत नाही. त्याच आधी म्हणाल्या, “तुजं यंत्र कशाला खोटं बोलंल? मीच लई घाई केली गं.”

मी मान हलवली. हो, असं. त्यांची घाई झाली, हे मी मान्य केलं.

यंदा त्यांनी दुकानातून पिशवीतलं बियाणं आणून लावलं. नवं भात निघालं तशी शिजवून पहिली वाटी मलाच आणून दिली, आणि खाऊन होईस्तोवर समोर बसून राहिल्या. वास येतोय का गं, म्हणून विचारलं.

येत नव्हता. येतोय, म्हणाले.