टोपडं घातलेली कणसं

दारावर टांगलेलं ज्वारीचं कणीस दिसलं की परभणी जिल्ह्यातलं ते प्रकरण अजून डोळ्यांपुढे उभं राहतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो आणि शेतीचं एक नवं विद्यापीठ आमच्या ठाण्याच्या हद्दीत येत होतं.

तिथले कुलगुरू पूर्वी राज्यात मंत्री होते. खुर्ची बदलली तरी लोक त्यांच्याकडे एसटीची फेरी नि गावचा नळ मागायलाच येत. त्यांचीही सभेची सवय सुटली नव्हती. माईक दिसला की स्वारी रंगात येई.

एका सोमवारी ज्वारीच्या प्राध्यापकांनी चोरीची फिर्याद दिली. बियाण्यासाठी राखलेली कणसं रविवारी सुटीच्या दिवशी कुणीतरी खुडून नेली होती. दुसऱ्या वाणाचे पराग मिसळू नयेत म्हणून त्यांच्यावर कागदी पिशव्या चढवलेल्या असत. मजूर त्यांना टोपडी म्हणत. कित्येक वर्षांची मेहनत होती ती.

पंचनाम्यात कुंपण शाबूत, कुलूप शाबूत. साहजिकच संशय राखणदारावर गेला. त्याची जमीन विद्यापीठात गेली होती आणि बदल्यात ही नोकरी मिळाली होती. गुन्हा शाबीत झाला असता तर घरात चूल पेटायची पंचाईत होती.

जमादार म्हणाले, "माझ्या हवाली करा." मी नको म्हटलं. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं तेच बोलतो आणि मग ते निस्तरत बसावं लागतं. मी त्याला चहा दिला.

"फाटक कुणी उघडलं?"

"मीच."

"कुणासाठी?"

"ते न्हाई सांगायचं, सायेब. मला आत टाका."

चोर असं बोलत नाही. चोर आधी लेकराबाळांच्या शपथा घेतो.

तिसऱ्या दिवशी आमचा खबऱ्या आला. बोरीच्या बाजारात तो शेळ्या विकायचा. "सायेब, बोरीच्या वाटंवर एक गाव हाय. तिथं दारादारात जवारी टांगली, टोपड्यासकट," तो म्हणाला.

गेलो तर खरंच. घरोघरी चौकटीला एकेक कणीस, वर कागदी पिशवी. दाणा कुणी खाल्ला नव्हता. लपवलंही नव्हतं. एका म्हातारीला विचारलं, "हे कुठून आणलं?"

"कुलगुरू सायबांनी दिलं की," ती म्हणाली. "आमच्या गावात सभा झाली. हात वर करून म्हनले, विद्यापीठाचं पैलं बी तुमचं. मंग आमी गाडी जुपून गेलो. राखणदारानं फाटक उघडलं. त्यो बी सभेला व्हता."

ठाण्यावर परतून राखणदाराला म्हटलं, "अरे, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सायबांचा शब्द खाली पडला असता," तो म्हणाला.

मी कुलगुरूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जुन्या धंद्यात असतो तर माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला म्हणून मोकळा झालो असतो. आता पोरं शिकवायचीत." ते स्वतः ठाण्यात आले आणि जबाब लिहून दिला: देतो असं मी बोललो होतो, ती माणसं घेऊन गेली. गैरसमजातून घडलेला प्रकार म्हणून प्रकरण बंद करायची 'क' समरी मी कोर्टात पाठवली. राखणदार त्याच दिवशी कामावर हजर झाला.

दुसऱ्या दिवशी कुलगुरू प्राध्यापकांना घेऊन त्या गावात गेले. मीही होतो. सभेत ज्यांच्यापुढे हात वर केला, त्यांच्या दारात ते हात जोडून उभे राहिले. कणसं परत मागितली. लोकांनी मुकाट दिली. म्हातारीने मात्र कणीस मधोमध मोडलं. अर्धं पिशवीसकट त्यांच्या हातात ठेवलं, अर्धं पदरात घेतलं.

"अर्धा तरी शब्द ऱ्हाऊ द्या, सायेब," ती म्हणाली.

कुलगुरूंनी मान खाली घातली. प्राध्यापक काही म्हणणार होते, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं.

नोकरीत पुढे पुष्कळ तपास केले. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे ढिगाने भेटले. दुसऱ्याचा शब्द खरा राहावा म्हणून कोठडीत बसणारा तो राखणदार एकच. त्यानंतर कुठलीही फिर्याद आली की हे कुणी केलं याआधी मी एक विचारायचो, कुणी कुणाला काही द्यायचं कबूल केलं होतं का? पुढच्या वर्षी विद्यापीठाने पहिलं बियाणं वाटलं. ते त्या गावात वाटायला कुलगुरू स्वतः आले होते. माईक लावलेला होता, पण ते बोलले नाहीत. आधी म्हातारीच्या पदरात बी घातलं.